कळीमागचा कोड

केएमके या पायथॉनमध्ये लिहिलेल्या कीबोर्ड-फर्मवेअरच्या, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या कोडच्या, जुन्या आवृत्त्यांमध्ये एक चमत्कारिक फाइल होती. पुढे केव्हातरी लागणारं प्रत्येक मॉड्यूल ती एकामागून एक इम्पोर्ट करायची आणि तिथेच संपायची. इम्पोर्ट केलेल्यांपैकी एकाचाही उपयोग ती स्वतः करत नसे. कोडची साफसफाई करायला बसलेल्या कोणाचाही हात आधी तिच्यावरच पडला असता. पण तिच्याशिवाय कीबोर्ड चालेल याची खात्री नव्हती. कधी स्टॅक फार खोल गेल्याची तक्रार यायची, कधी तक्रारही न करता बोर्ड गोठायचा.

कारण मेमरीत होतं. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की प्रत्येकाचं अर्धवट राहिलेलं काम मेमरीत उतरंडीसारखं एकावर एक रचलं जातं. हाच स्टॅक. एका मॉड्यूलने दुसरं इम्पोर्ट केलं, त्याने तिसरं, तरी तेच घडतं. लॅपटॉपवर ही उतरंड बरीच चढली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मायक्रोकंट्रोलरवर तिच्यासाठी राखलेली जागा अगदी थोडी असते. केएमकेची मॉड्यूल्स एकमेकांत इतकी गुंतली होती, की एकही कळ दाबली जाण्याआधी, नुसती जुळवाजुळव चालू असतानाच ती जागा भरायची. एकदा इम्पोर्ट झालेलं मॉड्यूल पायथॉन विसरत नाही. म्हणून त्या फाइलने आतली मॉड्यूल्स आधी आणि बाहेरची नंतर अशा क्रमाने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. पुढे कोणी काही मागितलं तर ते तयार असायचं. हा इलाज ओढूनताणून केलेला आहे हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि फाइलच्या माथ्यावरच्या टिपणात त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

कोड सोपा करणं म्हणजे ओळी कमी करणं, असा एक समज आहे. तो समज या फाइलपाशी अडतो. कीबोर्डच्या पोटात काय, कधी आणि कोणत्या अडचणीपायी शिरलं हे पाहिल्याशिवाय इथली एकही ओळ काढावी की ठेवावी हे सांगता येत नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सला १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट मिळालं आणि १८७४ मध्ये रेमिंग्टनने ते यंत्र बाजारात आणलं. त्यात कळ आणि अक्षर यांच्यामध्ये निव्वळ धातू होता. कळ खाली गेली की दांडी वर उठायची आणि दांडीच्या टोकावर ओतलेलं अक्षर कागदावर आपटायचं. कळीचा अर्थ बदलायचा तर धातू बदलावा लागे. गोदरेजने १९५५ पासून मुंबईत टाइपरायटर बनवले, त्यांतही मराठीचं यंत्र वेगळं आणि इंग्रजीचं वेगळं. सरकारी कचेऱ्यांत दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असत.

अर्थ धातूतून सुटला तो विजेच्या कीबोर्डमध्ये. इथे मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९८१ चा आयबीएम पीसी. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डमध्ये इंटेलची ८०४८ ही चिप होती. तिच्यात कायमस्वरूपी मेमरी १ किलोबाइट आणि तात्पुरती मेमरी अवघी ६४ बाइट. एवढ्या जागेत कोड बसवायचा तर कीबोर्डला फार काही माहीत असून चालणार नव्हतं. म्हणून त्याला फक्त जागा माहीत होती. कळ दाबली की तिच्या जागेचा क्रमांक जायचा आणि सोडली की त्याच क्रमांकात १२८ मिळवून तो जायचा. त्या जागेवर ए आहे की आणखी काही, कॅपिटल आहे की स्मॉल, हे संगणकाने ठरवायचं. तंगीतून घेतलेला हा निर्णय इतका चोख निघाला, की चाळीसहून अधिक वर्षं झाली तरी तो बदललेला नाही.

त्याचा फायदा आपल्या लिप्यांना थेट झाला. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड-आराखडा ठरवला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात दाखल झाला. पुण्याच्या सी-डॅकने तो देशभर पोचवला. यांपैकी कोणालाही कीबोर्ड उघडावा लागला नाही. तोच कीबोर्ड, तेच क्रमांक. फक्त संगणकाच्या बाजूला त्या क्रमांकांचे नवे अर्थ लिहिले गेले. मराठी आणि इंग्रजीसाठी दोन यंत्रं ठेवायची गरज तिथे संपली.

१९९६ मध्ये यूएसबी आलं. ए या जागेचा क्रमांक ४, बीचा ५, अशी नवी यादी ठरली. कीबोर्डने संगणकाला पाठवायचा साधा संदेश ८ बाइटांचा: एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांसाठी, एक राखीव आणि उरलेल्या सहांत एका वेळी दाबलेल्या सहा कळा. आज मी हा मजकूर ज्यावर टंकतोय तो कीबोर्डही मुळात एवढंच बोलतो.

पण हे सगळं कारखान्यात चिपमध्ये कोरलेलं असे. ज्याच्या बोटांखाली कीबोर्ड आहे त्याला आत डोकावायची सोय नव्हती. ती सोय हौशी लोकांनी करून घेतली. त्यांची वाट जपानमधून गेली हे मला फार आवडतं. टोकियोचे संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांनी सुचवलेला हॅपी हॅकिंग कीबोर्ड पीएफयू कंपनीने १९९६ मध्ये काढला. जेमतेम साठ कळा, आणि बाणांसारख्या कळा दुसऱ्या थरावर, म्हणजे आणखी एक कळ धरून दाबल्यावर मिळणाऱ्या. त्याच्या चाहत्यांपैकी हासू या नावाने वावरणाऱ्या एका तंत्रज्ञाने त्याच्या आत बसेल असा पर्यायी कंट्रोलर बनवला आणि त्यासाठी, तसंच जुने कीबोर्ड यूएसबीला जोडण्यासाठी, टीएमके हे फर्मवेअर लिहून सर्वांसाठी खुलं केलं. चिप होती एटमेगा३२यू४. यूएसबी तिच्यातच होतं, किंमत आवाक्यातली, आणि टीन्सीसारख्या छोट्या बोर्डांवर ती सहज मिळायची.

जॅक हम्बर्ट यांनी टीएमकेचा फाटा घेऊन क्यूएमके केलं, तेव्हा त्यांच्यापुढे प्लँक हा स्वतःचा कीबोर्ड होता. चार आडव्या ओळी, बारा उभे स्तंभ, बस. अंकांना जागा नाही, बाणांना नाही, एफ-कळांना तर नाहीच. हार्डवेअर जेवढं लहान तेवढा फर्मवेअरवरचा भार मोठा, हे प्लँकने दाखवलं. एका कळीला थरागणिक वेगळा अर्थ, टिचकी मारली तर एक आणि दाबून धरली तर दुसरा, दोनदा मारली तर तिसरा, दोन कळा एकत्र दाबल्या तर चौथाच. क्यूएमके हे सारं करू लागलं आणि हजाराहून जास्त कीबोर्डांपर्यंत पोचलं.

त्याची भिंत मात्र ठरलेली होती. एटमेगाच्या ३२ किलोबाइटांपैकी ४ नवा कोड चिपवर चढवणाऱ्या बूटलोडरला गेले की २८,६७२ बाइट उरतात. एटमेगावर क्यूएमके वापरणाऱ्याला हा आकडा पाठ असतो, कारण हौसेने एखादी सोय जोडली की कंपाइल करताना तोच आडवा येतो. शिवाय क्यूएमके सी भाषेत. मूळ पद्धतीत एका कळीचं स्थान बदलायचं तर कंपाइलर बसवा, कोड बांधा, बोर्ड बूटलोडरमध्ये न्या, फ्लॅश करा. प्रोग्रॅमरला यात विशेष काही वाटत नाही. ज्याला फक्त आपल्या करंगळीचा त्रास कमी करायचा आहे, त्याला हे सगळं शिकायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

दरम्यान पायथॉनची वेगळी वाट चालू होती. गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत १९८९ च्या अखेरीस ती भाषा लिहायला घेतली तेव्हा लहान चिप हा त्यांचा विषयच नव्हता. तो विषय काढला डेमियन जॉर्ज या भौतिकशास्त्रज्ञाने. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करून त्यांनी मायक्रोपायथॉन लिहिलं आणि सोबत पायबोर्ड नावाचा बोर्ड दिला: १६८ मेगाहर्ट्झ, १९२ किलोबाइट तात्पुरती मेमरी. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूटने त्याचा फाटा काढून सर्किटपायथॉन आणलं. त्यांचा भर नवशिक्यांवर होता. बोर्ड संगणकाला जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यातली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडायची, बदलायची, सेव्ह करायची. बोर्ड आपोआप नव्याने सुरू होतो. कंपाइलर नाही, फ्लॅशिंग नाही.

हीच गोष्ट कीबोर्डला का नको, या विचाराने २०१८ मध्ये केएमके सुरू झालं. त्याचे मूळ कर्ते जॉश क्लार आणि काईल ब्राऊन. सुरुवातीला त्यांनी मायक्रोपायथॉन आणि सर्किटपायथॉन दोन्हींना जागा दिली. पिन वाचायची पद्धत दोन्हीकडे निराळी, यूएसबीशी बोलायची निराळी, म्हणून मध्ये दुभाषी थर लिहावे लागले. चिपगणिक फर्मवेअरचा वेगळा क्लास होता. मग मायक्रोपायथॉनचा आधार काढून टाकला, पुढे चिपगणिकचे क्लास एकाच क्लासमध्ये मिळाले. या सरलीकरणाचं मला कौतुक वाटतं, कारण त्यात त्याग आहे. कोणत्याही बोर्डवर चालेल हे आश्वासन त्यांनी आखूड केलं आणि त्या बदल्यात सेव्ह करताच बदल दिसेल हे आश्वासन पक्कं केलं. दोन्ही एकदम पेलणारी नव्हती.

दुसरी शस्त्रक्रिया याहून खोल होती. केएमकेच्या पहिल्या कोडची रचना वेबकडून आली होती. २०१५ पासून वेबच्या जगात रीडक्स ही पद्धत गाजत होती. प्रोग्रॅमची सगळी स्थिती एका जागी ठेवायची, तिला थेट हात लावायचा नाही, घटना घडली की ती एका फंक्शनला द्यायची आणि त्याने स्थितीचा पुढचा टप्पा परत करायचा. केएमकेत कळ दाबली, कळ सोडली, संदेश पाठवायची वेळ झाली, या अशाच घटना होत्या. वाचायला कल्पना सुरेख आहे. पण मायक्रोकंट्रोलरवर प्रत्येक घटनेसाठी नवी वस्तू जन्माला येते, वापरून झाल्यावर कचरा होते, आणि तो कचरा गोळा करायला पायथॉन मधेच काम थांबवतो. टंकणाऱ्याच्या बोटांना तो थांबा जाणवतो. शिवाय फंक्शनच्या आत फंक्शन असल्याने स्टॅकवरचा ताण वाढतो. रीडक्सचा सांगाडा गेला. स्थिती धरून ठेवणारी एक साधी वस्तू आली, तिच्यात थेट बदल होऊ लागले, आणि कालांतराने तीही मुख्य कीबोर्ड-क्लासमध्ये विलीन झाली. शुद्धतावादी नाक मुरडतील. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण वेबवर या पद्धतीने जे प्रश्न सुटत, ते इथे नव्हतेच. एक बोर्ड, एक माणूस, ओळीने येणाऱ्या कळा.

मेमरीची हीच काटकसर बाकी ठिकाणीही दिसते. कीबोर्डमधल्या कळा ओळी आणि स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात, प्रत्येकीसोबत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड. एकेका ओळीला वीज देऊन कोणत्या स्तंभातून ती परत येते ते पाहत राहायचं, हे फर्मवेअरचं अखंड काम. हे वाचन पायथॉनमध्ये लिहिताना दर फेरीला नवी यादी बनवणं सहज सुचतं. केएमकेने त्याऐवजी ३ बाइटांची एक पट्टी सुरुवातीलाच बनवली: ओळ कोणती, स्तंभ कोणता, दाबली की सोडली. जी कळ बदलली तिची तेवढी बातमी त्या पट्टीत लिहायची आणि पुढच्या वेळी तीच पट्टी पुन्हा वापरायची. कळांच्या नावांचंही तसंच. आधी शेकडो कळांच्या वस्तू सुरुवातीलाच तयार होत. नंतर जी कळ तुमच्या लेआउटमध्ये आहे तीच, पहिल्यांदा मागितल्यावर, तयार होऊ लागली.

मग २०२१ ने चित्र पालटलं. जानेवारीत रास्पबेरी पाय पिको आला. चार डॉलर किंमत, २६४ किलोबाइट तात्पुरती मेमरी, २ मेगाबाइट साठवण. त्याच वर्षी सर्किटपायथॉनच्या सातव्या आवृत्तीत कीपॅड नावाचं मॉड्यूल आलं, जे कळांची जाळी पडद्यामागे सीमध्ये वाचतं आणि बातम्या रांगेत लावून ठेवतं. सर्वांत जास्त वेळा चालणारा कोड पायथॉनच्या हातून गेला. केएमकेने ते मॉड्यूल स्वीकारलं, आणि आपला जुना पायथॉनमधला वाचक वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवला, ज्या बोर्डांवर नवी पद्धत चालत नाही त्यांच्यासाठी. जो भाग आपण लिहायलाच नको होता तो ओळखून दुसऱ्याकडे सोपवणं, हेही सोपं करणंच आहे.

कोडच्या या फेररचनेचा सर्वांत रसाळ भाग मात्र एका कळीच्या दोन अर्थांभोवती आहे. समजा स्पेसची कळ टिचकी मारली तर स्पेस, धरून ठेवली तर अंकांचा थर. कळ खाली गेली त्या क्षणी फर्मवेअरला काहीच ठाऊक नसतं. त्याला थांबावं लागतं. क्यूएमकेत हा थांबा मुळात २०० मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्यात बोट उचललं तर टिचकी, नाहीतर धरणं. आता भरभर टंकणारा माणूस त्या मधल्या वेळात दुसरी कळ दाबतो. तिचा अर्थ स्पेसच्या निकालावर अवलंबून आहे, म्हणून तिला संगणकाकडे जाऊ देता येत नाही. तिला अडवून ठेवायचं, निकाल लागला की सोडायचं, आणि ज्या क्रमाने बोटं चालली त्याच क्रमाने सोडायचं. एकही उलटसुलट झाली तर शब्द बिघडतो.

केएमकेत थर बदलणाऱ्या कळेला स्वतःचं घड्याळ होतं, शिफ्टसारख्या कळेचं काम करणाऱ्या दुहेरी कळेला वेगळं, दोनदा-तीनदा टिचकी मारण्याला आणखी वेगळं. प्रत्येकाचे बारकावे भिन्न, प्रत्येकाच्या चुका भिन्न. मग लक्षात आलं की या सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: टिचकी की धरणं? तो एका होल्डटॅप मॉड्यूलमध्ये एकदाच सोडवला गेला. थरांचं मॉड्यूल आणि दोनदा-तीनदा टिचक्यांचं टॅपडान्स त्याचे वारस झाले, दुहेरी कळेचं आधीचं मॉडटॅप निवृत्त झालं. अडवलेल्या कळा पुन्हा सोडण्याचं काम मुख्य कीबोर्ड-क्लासकडे एका रांगेत आलं.

हे धाडस करता आलं ते चाचण्यांमुळे. केएमके पायथॉनमध्ये आहे, म्हणून बोर्ड नसतानाही लॅपटॉपवर चालवता येतं. यूएसबी आणि पिना यांच्या जागी नकली वस्तू ठेवायच्या आणि लिहायचं: ही कळ दाब, इतका वेळ थांब, ती दाब, पहिली सोड, आणि संगणकाकडे अमुक संदेश अमुक क्रमाने गेले पाहिजेत. बोटांच्या सवयी अशा लिहून ठेवल्यामुळेच मुळाला हात लावता आला. अशा चाचण्यांशिवाय होल्डटॅपला हात लावणाऱ्याने काय मोडलं ते त्याला आठवड्याने, कोणाच्यातरी बिघडलेल्या टंकलेखनातून कळलं असतं.

शेवटी उरते वापरणाऱ्याची एक फाइल. कोणत्या पिनांवर ओळी, कोणत्यांवर स्तंभ, डायोडची दिशा कुठली, कोणती मॉड्यूल्स हवीत, आणि मग कळांची यादी, थरामागून थर. अखेरच्या ओळीत कीबोर्ड सुरू करण्याची आज्ञा. आतल्या एवढ्या उलथापालथीनंतर या फाइलचा आकार जवळजवळ तसाच राहिला. नावं बदलली, इम्पोर्टच्या ओळी बदलल्या आणि त्यापायी जुन्या फाइली काही वेळा मोडल्याही. पण पायथॉन न येणाऱ्याला ती वाचता येते, आणि या सगळ्या खटाटोपाचं मोल मी त्यावरूनच ठरवतो. क्यूएमकेही आता कीबोर्डचं वर्णन सीमधून काढून साध्या जेसन फाइलींत नेतं आहे, आणि त्या फाइलींतून सीचा कोड घडवणारी त्याची अवजारं पायथॉनमध्ये लिहिलेली आहेत.

पायथॉनची किंमत चुकत नाही. वीज जोडल्यावर सीचा कीबोर्ड क्षणात तयार असतो, केएमकेला थोडा अवधी लागतो. मेमरी अजूनही जपून वापरावी लागते. बॅटरीवर महिनोन्महिने चालणारा बिनतारी कीबोर्ड हवा असेल तर झेडएमके हे फर्मवेअर घ्यावं, त्याची रचनाच त्यासाठी आहे. तारेने जोडलेला, स्वतः सोल्डर केलेला आणि वारंवार बदलत राहायचा कीबोर्ड असेल तर माझी पसंती केएमकेला.

मराठी टंकणाऱ्यांना एक सुचवतो. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त डीच्या जागेवर आहे, यूएसबीच्या यादीतला क्रमांक ७, आणि जोडाक्षरांमुळे आपल्याला तो सतत लागतो. कीबोर्ड स्वतः बांधत असाल तर अंगठ्याखाली एक जास्तीची कळ ठेवा आणि लेआउटच्या फाइलमध्ये तिच्या जागी केसी डॉट डी, म्हणजे डीच्या कळीचं केएमकेतलं नाव, लिहा. सेव्ह केलं की हलन्त अंगठ्यावर येतो.